बॅकअपरावांची राखीव डिस्क

सर्व्हर ओरडायला लागला तेव्हा ऑफिसात कुणाला वाटलं खाली कुणीतरी गाडी मागे घेतंय, कुणाला वाटलं गच्चीवरची टाकी भरली. ऑफिसच्या मालकीणबाई केबिनमधून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कुणाचा फोन आहे तो? आधी बंद करा." पण आवाज येत होता तो बाथरूमला लागून असलेल्या लहानशा खोलीतून. तिथे पूर्वी झाडू आणि बादल्या असत. आता एक एसी, एक लोखंडी कपाट आणि ऑफिसचा सर्व्हर होता. त्या खोलीची किल्ली एकाच माणसाकडे असे. म्हणजे किल्ल्या दोन होत्या, पण दोन्ही त्याच माणसाकडे.

त्या माणसाला सगळे बॅकअपराव म्हणत. घरांचे, शाळांचे, दवाखान्यांचे नकाशे काढणारं ते ऑफिस, आणि तिथल्या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी कोपऱ्यात गाठून विचारलेलं होतं, "बॅकअप घेतला का?" कुणी रजेवर निघालं की "बॅकअप घेतला का?" कुणी आजारपणातून उठून आलं की "बरं वाटतंय ना आता? आणि बॅकअप?" घरी तर विचारूच नका. छत्र्या दोन, चष्मे दोन, गाळण्या दोन. दूधसुद्धा दोन पातेल्यांत तापायचं, एक उतू गेलं तर दुसरं हाताशी असावं म्हणून. लग्न तेवढं एकच केलं, ते का, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

बॅकअपराव खोलीत गेले आणि बटण दाबून त्यांनी आवाज बंद केला. दारात बाई उभ्या, बाईंच्या मागे सगळं ऑफिस.

"काय झालंय?" बाईंनी विचारलं.

"एक डिस्क गेली."

"गेली म्हणजे?"

"गेली म्हणजे वारली."

"अरे देवा, माझा जिना!" मागून पेन्सिल ओरडला. पेन्सिल म्हणजे ऑफिसातला सर्वांत सडपातळ ड्राफ्ट्समन. नव्या दवाखान्याचा जिना त्याने पाच वेळा काढून पाच वेळा खोडला होता, आणि त्याच दुपारी दवाखान्याची समिती नकाशे बघायला येणार होती.

"जिन्याला काही झालेलं नाही," बॅकअपराव शांतपणे म्हणाले. असल्या वेळी त्यांना एक वेगळंच तेज चढायचं. "हे बघा, चार डिस्का आहेत. चौघांनी मिळून एक कपाट उचललंय असं समजा. एकाने हात सोडला, तरी तिघं तोलून धरतात. दुसऱ्याने सोडला तर मात्र कपाट पायावर."

"मग सर्व्हर बंद करावा लागणार?" बाईंचा आवाज चढला. "आज? समितीच्या दिवशी?"

"छे हो! चालू सर्व्हरमध्ये बदलतो मी. जुनी ओढायची, नवी सरकवायची, खट् झालं की संपलं. पुढचं सगळं तोच करतो. लहान मूलसुद्धा करेल. तुम्ही काम चालू ठेवा, कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही."

"आणि नवी आहे ना आपल्याकडे?"

"बाई," बॅकअपराव दुखावल्यासारखे हसले, "हे तुम्ही मला विचारता?"

असं म्हणून त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. वरच्या फळीवर एक खोकं होतं आणि खोक्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'राखीव. कुणीही हात लावू नये.' सगळ्यांनी माना उंचावून बघितलं. बॅकअपरावांनी खोक्याला हात लावला आणि हात तिथेच राहिला. कारण खोक्यात काय आहे हे त्यांना त्याच क्षणी आठवलं. खोक्यात साबण होता.

आता हा साबण तिथे कसा आला, ते सांगायलाच हवं. बॅकअपरावांचे सासरे टेलिफोन ऑपरेटर होते. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिलं आणि स्वतः मधे अवाक्षर काढलं नाही. निवृत्त झाले, बायको गेली, आणि मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं की आता मी बोलणार. आत्मचरित्र लिहायचं नाही, बोलायचं. कॉम्प्युटरसमोर माइक लावून त्यांनी सुरुवात केली. पहिल्या भागाचं नाव होतं 'जन्म आणि त्याची पूर्वतयारी'. एवढ्या मुळापासून सुरुवात केल्यावर कॉम्प्युटर लवकरच भरला. तेव्हा बायको म्हणाली होती, "अहो, बाबांना काहीतरी द्या ना, साठवायला." जावईपणाच्या तोऱ्यात बॅकअपराव म्हणाले, "देतो की! अशी देतो, की बाबा शंभर वर्षं बोलले तरी भरायची नाही." आणि ऑफिसची राखीव डिस्क घेऊन गेले. आठवड्याभराचाच प्रश्न होता. दुसरी मागवायची आणि गुपचूप खोक्यात ठेवून द्यायची. पण ते आज करू, उद्या करू म्हणता म्हणता वर्ष उलटलं. बाई वर्षाकाठी सामानाची मोजदाद करत तेव्हा खोकं उचलून बघत, म्हणून वजनाला बॅकअपरावांनी त्यात आंघोळीचा एक साबण घालून ठेवला. बाईंनी खोकं उचललं होतं, हुंगलं होतं आणि म्हटलंही होतं, "काय हो, डिस्कला वास छान येतो." त्यावर बॅकअपराव म्हणाले होते, "पॅकिंगचा आहे."

"उघडा ना," बाई म्हणाल्या. "मला बघायचीच आहे एकदा."

"इथे नको!" बॅकअपरावांनी खोकं छातीशी धरलं. "म्हणजे… इथे थंडी आहे. डिस्क अशी एकदम बाहेर काढायची नसते. आधी तिला जरा ऊब द्यावी लागते."

"ऊब?"

"घरी नेतो. तासाभराची बाब आहे."

"डिस्क आहे का पिल्लू?" पेन्सिल म्हणाला. पण बॅकअपराव तोवर जिन्यावर होते. तो जिना खरा होता, आणि ते त्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत उतरत होते.

सासऱ्यांच्या दारावर पाटी लटकत होती, 'रेकॉर्डिंग चालू आहे. बेल वाजवू नये.' आतून सासऱ्यांचा आवाज येत होता, संथ, एकसुरी, मधेच एखादा खाकरा. बॅकअपराव साबणाचं खोकं घेऊन दाराबाहेर उभे राहिले. शेजारच्या बाईंनी दार उघडून त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि त्या म्हणाल्या, "थांबावं लागतं हो. आमचा दूधवालाही थांबतो." बऱ्याच वेळाने आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला तेव्हा कुठे बॅकअपरावांनी बेल दाबली.

"या या जावईबापू! आज कामाच्या वेळी?"

"बाबा, ती डिस्क जरा न्यायला आलो. सर्व्हिसिंगला."

"डिस्कला सर्व्हिसिंग असतं?"

"वर्षातून एकदा करून घेतलेलं बरं. धूळबीळ बसते. संध्याकाळी आणून देतो."

सासरे बाजूला झाले. कॉम्प्युटरची झाकणपट्टी काढून बॅकअपराव स्क्रू फिरवायला लागले तसे ते त्यांच्या डोक्यावर येऊन उभे राहिले. "जपून हं. सगळं त्यातच आहे. मॅट्रिकपर्यंत आलोय."

"दुसरी प्रत आहे ना तुमच्याकडे कुठे?" बॅकअपरावांनी मान वर न करता विचारलं.

सासरे खळखळून हसले. "जावई बॅकअपराव असताना मला कशाला हवी दुसरी प्रत? आणि काय हो, परवा पाठवलेला भाग ऐकलात का? बत्तिसावा?"

"ऐकला की! फार सुंदर. बत्तिसावा तर मला सगळ्यांत आवडला."

"हो? अरे वा," सासरे म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला.

खोटं कशाला सांगायचं, बॅकअपरावांनी त्यातला एकही भाग कधी ऐकला नव्हता. भाग पुरा झाला की रविवारी सासरे त्याची लिंक पाठवत, भाग मात्र डिस्कवरच राही; बॅकअपराव ती न उघडताच 'फार सुंदर' लिहून पाठवत. बायकोची तऱ्हा निराळी. वडिलांचा फोन आला आणि ते "ऐक हं, नवीन भाग लावतो" म्हणाले की ती फोन ओट्यावर ठेवून भाजी चिरायला घेई. मधूनमधून फोनकडे तोंड करून "हो का?" म्हणे. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. म्हाताऱ्या माणसाचा वेळ जातोय, आपलं काय जातंय?

पण निघताना सासऱ्यांनी डिस्क एका जुन्या मऊ रुमालात गुंडाळून दिली. रुमालाच्या कोपऱ्यात सासूबाईंच्या हातचं एक निळं फूल भरलेलं होतं. ते बघून बॅकअपरावांना कसंसंच झालं. रस्ताभर त्यांनी मनाशी पक्कं केलं, आधी यातलं सगळं आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं, मग ही सर्व्हरमध्ये घालायची. तास-दीड तास जाईल. तोवर डिस्क गरम होतेय म्हणून सांगू. एवढं केलं की चोरीही लपेल आणि बाबांचं बोलणंही राहील. योजना चांगली होती. त्यात खोट अशी काही नव्हतीच.

ऑफिसात येऊन त्यांनी साबण ड्रॉवरमध्ये टाकला. पुढचा वेळ वाचावा म्हणून डिस्क सर्व्हरमध्ये सरकवायच्या सुट्या ट्रेमध्ये स्क्रूने बसवूनही टाकली. आता फक्त ती कॉम्प्युटरला जोडायची केबल हवी होती. केबली दोन होत्या, अर्थातच, पण दोन्ही जपून ठेवलेल्या, आणि बॅकअपरावांनी एखादी वस्तू जपून ठेवली की ती त्यांनाही सापडत नसे. ते टेबलाखाली शिरले. मग कपाटामागे शिरले. तिथून धूळभरल्या डोक्याने केबल घेऊन विजयी मुद्रेने बाहेर आले तेव्हा टेबलावर डिस्क नव्हती.

रुमाल होता. डिस्क नव्हती.

त्या छोट्या खोलीतून 'खट्' असा आवाज आला. पाठोपाठ टाळ्या.

बॅकअपराव धावले. सर्व्हरसमोर बाई हात झटकत उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर, बाटलीचं घट्ट बसलेलं झाकण पहिल्या झटक्यात उघडणाऱ्या माणसाचा आनंद होता.

"घातली!" बाई म्हणाल्या. "तुम्ही तर टेबलाखाली गायब. म्हटलं, लहान मूलसुद्धा करेल म्हणाले ना, मग आपणच करू. जुनी ओढली, नवी सरकवली. हात लावून बघितली, चांगली गरमही होती." गरम असणारच, बॅकअपरावांनी ती येताना काखोटीला मारली होती.

नव्या डिस्कचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला होता. हा दिवा काय सांगतो हे त्या खोलीत एकाच माणसाला कळत होतं. सर्व्हरने नव्या गड्याला कामाला घेतलं होतं. उरलेल्या तिघींकडून मेलेलीचा वाटा जुळवून तो तिच्यावर लिहायला लागला होता, आणि आधी तिच्यावर काय होतं याची तो काही चौकशी करत नाही.

अजून वेळ होता. हे इथे स्पष्ट सांगायला हवं, कारण पुढे बॅकअपरावांनी स्वतःला ते फार वेळा सांगितलं. त्या घटकेला हात घालून डिस्क ओढली असती, तर सुरुवातीचं थोडं गेलं असतं, बाकीचं खटपट करून वाचलं असतं. सर्व्हरलाही काही झालं नसतं, तो आणखी तासभर तिघींवर चालला असता. हात पुढे गेलाही होता. पण ओढली असती तर सगळं ऑफिस विचारणार, "का काढली?" आणि मग खोकं, साबण, पॅकिंगचा वास, सगळंच बाहेर येणार.

"बरोबर घातली ना हो मी?" बाईंनी विचारलं.

"अगदी बरोबर," बॅकअपराव म्हणाले. आणि पुढे आलेल्या हातांचं काय करावं ते न कळून त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

लोक कामाला गेले. बॅकअपराव तिथेच एका उपड्या बादलीवर बसले. स्क्रीनवर टक्के चढत होते. पाच टक्के झाले, म्हणजे बाबांचा जन्म आणि त्याची पूर्वतयारी गेली. बारा टक्के, बहुतेक दात आले असतील. वीस टक्क्यांना शाळेत नाव घातलं असेल. काय गेलं ते नेमकं सांगता येईना, कारण ऐकलंच नव्हतं. घर जळताना मालकाला निदान माहीत असतं की आत काय काय होतं.

फोन वाजला. बायको होती. "अहो, बाबांचा फोन आला होता. सर्व्हिसिंग झालं का म्हणून विचारतायत. कसलं सर्व्हिसिंग?"

"होतंय," बॅकअपराव म्हणाले. स्क्रीनवर तेहेतीस टक्के होते. "होत आलंय."

"रडताय का तुम्ही?"

"इथे एसी फार आहे गं."

दुपारी समिती आली, नकाशे बघितले, जिन्याचं विशेष कौतुक झालं. पेन्सिल लाजून आणखी बारीक झाला. चहा घेता घेता बाईंनी सकाळची हकीकत रंगवून सांगितली. "आमच्या इथे कामाचा खोळंबा होत नाही. चालू सर्व्हरमध्ये डिस्क बदलली, एकाही माणसाला पत्ता लागला नाही. आणि का? तर हे आमचे बॅकअपराव. यांच्याकडे प्रत्येक गोष्ट राखीव तयार असते." समितीच्या अध्यक्षांनी उठून बॅकअपरावांशी हस्तांदोलन केलं. माणसाला धरणीने पोटात घ्यावं असं वाटतं म्हणतात, बॅकअपरावांना तर ती सर्व्हरमागची फट दिली असती तरी चाललं असतं.

समिती गेल्यावर ते बाईंच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. बाईंना वाटलं, पगारवाढ.

"बाई, ती डिस्क राखीव नव्हती," ते म्हणाले. आणि मग साबणापासून रुमालापर्यंत सगळं सांगून टाकलं. सांगताना ते बाईंच्या टेबलावरच्या टाचणीच्या डबीकडे बघत होते.

बाई आधी लाल झाल्या. "एक वर्ष? एक वर्ष मी साबण मोजत होते?" मग बराच वेळ त्या जे बोलल्या ते बॅकअपरावांनी मुकाट्याने ऐकलं, कारण त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. बोलता बोलता बाई मधेच थांबल्या.

"थांबा. म्हणजे मी ती सरकवली तेव्हा तिच्यावर काय होतं?"

"सासऱ्यांचं लहानपण. मॅट्रिकपर्यंत."

"आणि तुम्ही तिथे उभे होता."

"हो."

"टाळ्या वाजवत होता."

"हो."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे त्यांनी एकदा बघितलं. त्याच बोटांनी खटका दाबला होता. "नवी डिस्क तुम्ही मागवायची, ते तर आहेच," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण हे मला काय सांगता? ज्यांचं गेलं त्यांना सांगा. आत्ता जा. आणि तो साबण त्या खोक्यात घाला आणि खोकंही घेऊन जा. ऑफिसच्या कपाटात मला तो वास नको."

बॅकअपराव सासऱ्यांच्या दारात पोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. पाटी काढलेली होती. दार उघडंच होतं आणि सासरे माइक पुसून तयार बसले होते.

"आणलीत? द्या इकडे." बॅकअपरावांनी काही बोलायच्या आत त्यांनी खोकं हातातून घेतलंही. 'राखीव. कुणीही हात लावू नये' हे वाचून ते खूश झाले. "वा, अगदी बंदोबस्तात पाठवली की." त्यांनी खोकं उघडलं. आतला साबण बाहेर काढला. पुढून बघितला, मागून बघितला, नाकाजवळ नेला.

"जावईबापू, हे काय?"

"साबण आहे, बाबा."

"ते दिसतंय. माझं आयुष्य धुऊन काढलंत की काय?"

ते थट्टेने म्हणाले होते. पण बॅकअपरावांचा चेहरा बघून त्यांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी साबण टेबलावर ठेवला आणि खुर्ची पुढे केली. "बसा. काय झालं ते सांगा."

बॅकअपराव बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. हात पुढे गेला होता आणि ओढली नाही, हेसुद्धा सांगितलं. ते नसतं सांगितलं तरी कुणाला कळणार नव्हतं. सासरे खिडकीबाहेर बघत ऐकत राहिले.

"गेलं तर गेलं," शेवटी ते म्हणाले. "यंत्रातलं गेलं. पण तुम्ही तर सगळं ऐकलंय ना! एकूण एक भाग. मग मला नव्याने कशाला आठवायला हवं? तुमच्या लक्षात आहे तेवढं सांगा, मी लिहून घेतो. गाळलेलं मी भरेन. अगदी पहिल्यापासून नको, तुमच्या आवडीचं आधी सांगा. तो बत्तिसावा भाग."

बॅकअपरावांच्या कानशिलांना आग लागली. सुंदर होता, फार सुंदर होता, एवढंच ओठांवर येत होतं.

"बाबा, मी तो ऐकला नाही. एकही ऐकला नाही." ते खाली बघत म्हणाले. "मला लाज वाटते सांगायला."

"बत्तिसावा तुम्ही ऐकणार कसा?" सासरे म्हणाले. "मी तो केलाच नाही. एकतिसाव्यावरून तेहेतिसाव्यावर गेलो. म्हटलं, बघू तरी कुणी विचारतं का, की मधला कुठे गेला? लेकीनेही विचारलं नाही. तुम्ही तर म्हणालात, सगळ्यांत आवडला." त्यांनी साबण उचलून पुन्हा खोक्यात ठेवला. "आणि तिचा फोन ओट्यावर असतो, हेही मला कळतं हो. जन्मभर फोनच ऐकले मी. समोर कान आहे का नुसती भिंत आहे, ते श्वासावरून समजतं."

बॅकअपराव खुर्चीत मटकन बसले. आता बसायला कुणी सांगावं लागलं नाही.

"मग तुम्ही बोललात का नाही?" त्यांनी विचारलं.

"काय बोलू? ऐका हो माझं, म्हणून पाया पडू?" सासरे एकदम चिडून म्हणाले. दिवसभरात ते पहिल्यांदाच चिडले होते आणि बॅकअपरावांना त्याने उलट बरं वाटलं. मग त्यांनी माइकची वायर गुंडाळून ठेवली. "आता यंत्र बंद. समोर बसा. फोन खिशात. आता तुमच्यातच साठवतो."

आणि त्यांनी सुरुवात केली. या वेळी जन्मापासून नाही. ते शाळेत असताना घंटा वाजवायचं काम त्यांच्याकडे होतं. घंटा म्हणजे झाडाला टांगलेला लोखंडाचा तुकडा, आणि तो वाजवायला एक हातोडी. ती हातोडी त्यांनी एक दिवस बदाम फोडायला नेली आणि ती विहिरीत पडली. कुणाला सांगायची छाती झाली नाही. मग त्यांनी एक लांबट दगड शोधला, त्याला काठी बांधली, वर कोळसा फासून काळा केला, आणि कित्येक महिने शाळा त्या दगडावर भरली आणि सुटली.

"कुणाला कळलं नाही?" बॅकअपरावांनी विचारलं. खोक्याकडे बघायचं ते टाळत होते.

"आवाज जरा बदललाय, असं मास्तर म्हणायचे. मी सांगितलं, हवेमुळे."

"पॅकिंगमुळे," बॅकअपराव पुटपुटले.

"मग एक दिवस तपासणीला साहेब आले. मास्तर म्हणाले, साहेबांच्या देखत घंटा दे. मी हातोडी उचलली…" सासऱ्यांना ठसका लागला. पाणी प्यायले, घड्याळ बघितलं, आणि म्हणाले, "आता गोळी घ्यायची वेळ झाली. जा घरी. लेक वाट बघत असेल."

"अहो पण पुढे? साहेबांसमोर काय झालं?"

सासऱ्यांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. खरोखर विचारतोय का उगाच, ते त्यांना श्वासावरून कळलं असावं, कारण त्यांनी दारापर्यंत येऊन जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. सांगितलं मात्र काही नाही.

घरी बायको ओट्याशी होती. शेगडीवर दोन पातेल्यांत दूध चढवलेलं होतं. बॅकअपरावांनी तिला दिवसभराचं सगळं सांगितलं. ती आधी इतकी भडकली की त्यांना वाटलं आता लाटणं येतंय. पण ओट्यावरच्या फोनचं आलं तसा तिचा आवाज बसला.

"त्यांना कळत होतं?" ती म्हणाली. "पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

ती स्टुलावर बसली. पदराने तिने डोळे पुसले, नाक पुसलं. मग बॅकअपरावांनी तिला घंटेची गोष्ट सांगितली. विहीर, दगड, कोळसा, मास्तर, सगळं, जसं ऐकलं तसं, एक शब्द न गाळता. आयुष्यात त्यांनी इतका चोख बॅकअप घेतला नव्हता. साहेबांसमोर हातोडी उचलली तिथे ते थांबले.

"मग?" बायको म्हणाली. "पुढे काय झालं?"

"माहीत नाही. त्यांना गोळी घ्यायची होती."

"असं कसं माहीत नाही? तुम्ही विचारलं नाहीत?"

"विचारलं. सांगितलं नाही त्यांनी."

बायकोने ओट्यावरचा फोन उचलला. तिने नंबर लावला. मग ती म्हणाली, "बाबा, त्या साहेबांसमोर काय झालं?"

ती फोन कानाला गच्च लावून ऐकत होती. बॅकअपरावांनी दुसऱ्या बाजूने आपला कान आणून भिडवला. सासरे सांगत होते, अगदी सावकाश, मधेच खाकरत. साहेब कसे ऐटीत झाडाखाली उभे राहिले, दगड लोखंडावर कसा आदळला आणि त्याचे कसे दोन तुकडे झाले.

"अगं बाई! साहेबांच्याच पायावर?" बायको ओरडली आणि रडता रडता हसायला लागली. "मग? मग तुम्ही काय केलंत?"

त्या गडबडीत दूध उतू गेलं. दोन्ही पातेल्यांतलं.